लंगडा सात

वाशी,
सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप गोटीरामकाका यांस,
जयमाला टिपणीसचा नमस्कार.

सर्वप्रथम क्षमा मागते. ज्या मुलीने चौदा माणसांच्या देखत तुमची गाडी अपात्र ठरवली, तिनेच पंधरा दिवसांनी तुम्हाला पत्र लिहावे, हे धारिष्ट्यच आहे. समोर येऊन बोलण्याचे बळ माझ्यात कधीच नव्हते. वर्गातही मी उत्तरे लिहून देत असे, बोट वर करीत नसे. तेव्हा हे वाचण्याआधीच फाडावेसे वाटले तरी मी ते योग्यच मानीन.

पत्ता पुतळाकाकींनी दिला. परवा शनिवारी मी नावड्याला गेले होते. गॅरेजला कुलूप होते. काकी अंगणात सुकी मासळी उलटत होत्या. मला पाहून त्यांनी हातातले सूप खाली ठेवले.

“ते नाय घरी. पेनला गेलंन, सखूकडं. गारी दाखवून आलं तवाधरनं त्यांचं बोलनंच बंद जालंय. तू काय बोललीस गो त्यांना?”

उभ्यानेच पाणी प्यायले आणि निघाले. पेणला लेकीच्या घरी तुम्ही किती दिवस राहणार, हेही विचारायचे राहिले.

काका, नियम कसा झाला हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहिते. आमच्या जुनी मोटार मंडळाचे अध्यक्ष श्यामसुंदर देवस्थळी यांचे म्हणणे असे की, आपल्याकडे जुन्या गाड्यांना माळा घालून मिरवतात; त्यांना मिरवणूक नको, शर्यत हवी. तीही फक्त बंद टपाच्या, घरगुती गाड्यांची. कळंबोलीला पोलाद बाजारासाठी आखलेले रुंद रस्ते अजून रिकामे आहेत, तिथे एका रविवारची परवानगी मिळाली. इंजिनाच्या आकारावरून तीन वर्ग पाडले: अकराशे सीसीपर्यंत ‘अ’, त्यापुढे सोळाशेपर्यंत ‘ब’, आणि उरलेल्या ‘क’. गाडी मात्र १९६० अखेरपर्यंतची हवी. आता ती तेव्हाची आहे हे ठरवायचे कसे? कोणी म्हणाले दिव्यांवरून, कोणी म्हणाले समोरच्या जाळीवरून. चहा दोनदा झाला तरी ठरेना. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते. आयुष्यात प्रथमच न विचारता बोलले: “नोंदणी पुस्तकातील पहिली तारीख ग्राह्य धरावी. आणि पुस्तकातला चासिस क्रमांक गाडीच्या लोखंडावर तसाच ठोकलेला आहे का, हे पाहण्यासाठी प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचा पेन्सिलीने छाप घ्यावा.”

मग देवस्थळी म्हणाले, “नंदकिशोर, मुलगी तुमची नाही, मंडळाची आहे हो!” बाबांनी नेहमीचे सांगितले, की मी शालान्त परीक्षेला केंद्रात पहिली आले होते. त्याला सहा वर्षे होतील. पहिली येण्याचा मला आता कंटाळा आला आहे, पण हे बाबांना सांगता येत नाही. त्याच बैठकीत तपासणीचे काम माझ्याकडे दिले गेले.

एकोणीस जानेवारीला तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारामागच्या आवारात तुम्ही तुमची ऑपेल घेऊन आलात. तुम्ही नवा सदरा घातला होता. मी पुस्तक उघडले. पहिली नोंदणी: ११ मार्च १९६३, पणजी. मी म्हणाले, “काका, ही बसत नाही.”

“कशी बसनार नाय? अगो, गोवा तवा आपला व्हता कुठं? एकसष्ट सालाच्या अखेरीला जाला आपला. त्याच्या अगोदरचं कागूद पोर्तुगिजांचं. यो बघ.”

तुम्ही पत्र्याच्या डब्यातून पिवळा कागद काढलात. त्यावर मोठा शिक्का होता. मी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “ही भाषा मंडळात कोणालाच येत नाही. मला आपल्या पुस्तकात आहे तेच धरावे लागेल.”

तुम्ही हसलात. “बराय. कागूद मोठा, मानूस ल्हान,” म्हणालात आणि गाडीत बसलात.

माझी चूक एवढीच, की तुमचा कागद समजून घेण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. त्याबद्दल मनापासून क्षमा असावी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सोमवारचे पत्र मी टपालात टाकलेले नाही. पाकीट वाचनालयाच्या पिशवीतून दोन दिवस नेले आणि परत आणले. त्यात लिहिले ते सारे खरे आहे, पण पुरे नाही.

पहिली गोष्ट. “माझी चूक एवढीच” असे मी लिहिले. तुमच्या कागदावरची भाषा मला येत नव्हती हे खरे. आकडे येत होते. शिक्क्याच्या खाली १९५७ असे स्वच्छ लिहिले होते. मी ते वाचले होते. वाचूनही कागद परत दिला, कारण उत्तर ठरलेल्या पुस्तकात नसेल तर ते अभ्यासक्रमाबाहेरचे, असे समजण्याची मला शाळेपासून सवय आहे. त्या सवयीला मी प्रामाणिकपणा म्हणत आले.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. तपासणीच्या आधीच्या रविवारी, ऑपेलचा छाप घ्यायला मी नावड्याला आले होते. मला येत नव्हते. कागद फाटत होता. तुम्ही पानाच्या पुडीचा पातळ कागद दिलात आणि म्हणालात, “पेन्सील उभी नको धरू, आडवी निजव. पोराला थोपटतात तशी फिरव.” आणि खरोखर, क्रमांक आपोआप वर आला. मग मला चहा देऊन तुम्ही नट आवळायचे पाने दाखवलेत. प्रत्येक पान्यावर तुमच्या घराचा क्रमांक ठोकलेला: ४७. मी विचारले, सगळे सात असे तिरके का? तुम्ही म्हणालात, “सातचा ठसा एकदा हापटला नं त्याचा पाय मोडला. तवापास्नं माजा सात लंगडाच. चोरानं पाना नेला तरी सात सांगतो, मी गोटीरामचा.”

मी हसले होते. मला वाटते, त्या महिन्यात मी तेवढीच हसले.

सर्व गाड्यांचे छाप मी घेतले, एक सोडून. बाबा म्हणाले होते, “आपली तर घरचीच गाडी. नंबर पुस्तकातून उतरवून घे.” मी उतरवून घेतला. नियम मी केला आणि पहिल्यांदा मीच मोडला. आमची लँडमास्टर १९५६ ची, ‘ब’ वर्गातली. तुमची ऑपेल पात्र ठरली असती तर तीही ‘ब’ वर्गातलीच. त्या वर्गात या दोन गाड्यांखेरीज धावू शकेल असे काही नाही, हे देवस्थळी सर्वांसमोर म्हणाले होते.

गेल्या शनिवारी काकींना भेटून आल्यावर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाबा दाढी-कटिंगला गेले तेव्हा मी खाली उतरले, गाडीवरचे कापड काढले, बॉनेट उघडले आणि पेन्सील आडवी निजवली. क्रमांक वर आला. त्यात दोन सात आहेत. दोन्ही लंगडे आहेत. आणि त्यांच्या मागे, कानशीने घासूनही पुरती न गेलेली, दुसऱ्याच कुठल्या क्रमांकाची सावली आहे.

मी बॉनेट बंद केले. शेजारच्या इमारतीतल्या बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, “काय गं, तूही गाडी दुरुस्त करायला लागलीस वाटतं?” मी हो म्हणाले.

काका, तुमच्या हाताने हा क्रमांक ठोकला गेला आहे. त्या रविवारी तुर्भ्याला तुम्ही हसण्यापूर्वी एकदा बाबांकडे पाहिले होते. तेव्हा मला वाटले, ओळखीचा माणूस म्हणून पाहत आहात. तुमच्या एका शब्दाने आमची गाडी बाहेर गेली असती. तुम्ही तो शब्द बोलला नाहीत. का बोलला नाहीत हे मला विचारण्याचा अधिकार नाही, पण दुसरे काही सुचत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल संध्याकाळी बाबांशी बोलले. बोलले म्हणजे, तो कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

त्यांनी चष्मा लावला, काढला. “नंबर बघायला तुला कुणी सांगितलं?”

“नियमाने, बाबा.”

“नियम कुणी केला?”

“मीच.”

त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, “चौऱ्याहत्तर साली कळंबोलीला ट्रकनं उडवली. मी वाचलो. पुढचा भाग गेला. तू आणि आई तेव्हा रोह्याला आजोळी होता.”

मला आठवते. मी दहा वर्षांची होते. आम्ही परत आलो तेव्हा गाडी दारात उभी होती. आईने विचारले होते, “लागलं होतं ना हिला?” आणि बाबा म्हणाले होते, “थोडं. गोटीरामने ठोकून सरळ केलं.” आई मागच्या आसनावर जाऊन बसली होती. त्या आसनावर हळदीचा डाग आहे. त्याच गाडीतून तिची वरात निघाली होती, आणि तेव्हा ती आजोबा चालवीत होते.

“पुढचा अर्धा भाग त्रेसष्टच्या ॲम्बेसेडरचा आहे,” बाबा म्हणाले. “भंगारातला. गोटीराम हात जोडून सांगत होता, सायेब, रीतसर अर्ज करा, नवा नंबर घ्या. मीच म्हटलं, जुना घाल. अर्ज केला असता तर घरी पत्र आलं असतं. तुझ्या आईनं उघडलं असतं.”

“मग आईला कधीच—”

“कधीच नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा म्हणायची, मला आपल्या गाडीतून घरी न्या. आपल्या गाडीतून.” त्यांनी तो कागद उलटा ठेवला. “मागचं अर्धं तर तेच होतं, जयू. हळदीचा डाग खरा होता.”

आई जाऊन पाच वर्षे होतील. तरी मी पुढचे बोलले. कदाचित थकवा फार झाला की भीतीसुद्धा दमते.

“त्या दिवशी गोटीरामकाकांनी तुमच्याकडे पाहिलं होतं.”

“पाहिलं.”

“तुम्ही दिव्याची काच पुसत होता.”

“स्वच्छ होती ती,” बाबा म्हणाले आणि ताट उचलून आत गेले.

मी रात्रभर जागले वगैरे काही नाही. मी झोपले. आजकाल मला फार झोप येते. सकाळी वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती आधी का आली नाही याची लाज वाटली. मी हा छाप मंडळापुढे ठेवला तर आमची गाडी बाद होईल. पण क्रमांक कोणी ठोकला हेही विचारले जाईल. मालकाने सांगितले म्हणून ठोकला, हे कोण ऐकून घेणार? बाबांची शर्यत जाईल. तुमचे गॅरेज जाईल. आणि छाप ठेवला नाही, तर आमची अर्धी गाडी ‘ब’ वर्गात एकटीच धावेल, जिंकेल, आणि मी त्या निकालाखाली सही करीन.

परीक्षेत असा प्रश्न मला कधी आला नव्हता.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज मंडळाची शेवटची बैठक होती. मी एक वाक्य घरून पाठ करून गेले होते, आणि उभी राहिले तेव्हा तेच विसरले. म्हणून नुसते म्हणाले, “नियम चुकला आहे. मी केलेला.”

देवस्थळींनी पेन खाली ठेवले. “आता? यादी छापायला द्यायची आहे, जयमाला!”

मी सांगितले, की नोंदणीची तारीख म्हणजे गाडीचा जन्म नव्हे. गोव्यातल्या गाड्यांचा जन्म आधीचा आहे आणि आपल्याकडचे नाव त्यांना नंतर मिळाले. ज्या वेळी जे सरकार होते त्याचा कागद धरला पाहिजे. भाषा येत नसली तरी साल वाचता येते.

बाजारातले पोपटशेठ, ज्यांनी फियाटचा टप कापून त्यावर ताडपत्री घातली होती आणि तरीही ‘बंद टप’ म्हणून भांडत होते, ते लगेच म्हणाले, “पोरगी पहिली येते ती पण चुकते, मग माझ्या ताडपत्रीचं काय वाईट आहे? तीही बसवा की!”

“शेठ, तुमच्या गाडीत पावसाळ्यात कांदेसुद्धा ठेवू नका,” देवस्थळी म्हणाले. सगळे हसले, आणि त्या हसण्यात माझा ठराव मंजूर झाला. अट एक: गोव्याचा मूळ कागद शनिवारी, १५ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत तुर्भ्याच्या आवारात दाखवला पाहिजे. नक्कल चालणार नाही.

मग मला दुसरे वाक्य म्हणायचे होते. “‘ब’ वर्गातील लँडमास्टरचा छाप फाइलमध्ये नाही. मी तो घेतला नव्हता, क्रमांक पुस्तकातून उतरवला होता.” हे खरे होते, आणि यातून तुमच्यापर्यंत कोणी पोचले नसते. यापलीकडे काय सांगावे हे मी ठरवलेले नव्हते. मी “ब वर्गातील” एवढेच म्हणाले असेन, तोच बाबा उठून उभे राहिले.

“माझी गाडी यादीतून काढा.”

“अहो, काय बोलता!” देवस्थळी म्हणाले. “वर्षभर घासताय तिला. कारण काय लिहू?”

बाबा म्हणाले, “थकली आहे, लिहा.”

कोणीतरी म्हणाले, “गाडी की मालक?” पुन्हा हशा झाला. मी इतिवृत्तात लिहिले: ‘क्र. ६, लँडमास्टर, मालकाच्या विनंतीवरून वगळली.’ माझे अक्षर चांगले आहे असे सर्वजण म्हणतात. ती ओळ मात्र वाकडी आली आहे.

घरी येताना गाडी त्यांनीच चालवली. मी मागे बसले.

सोमवार, १० फेब्रुवारी

आता मागणे. तुम्ही शनिवारी या. तो पिवळा कागद घेऊन या. नवा सदरा घाला किंवा जुना, पण या. मी काल ऑपेलचे नाव यादीत पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. शाईने मला तुमच्यासमोर लिहायचे आहे. माझ्यावरचा राग जावा म्हणून हे करीत नाही. तो असू द्या. फक्त गाडी त्याच्यापायी नावड्यात कुलूप लावून बसू नये.

सोबत पातळ कागदाचा एक तुकडा आहे. आमच्या गाडीच्या क्रमांकाचा मी घेतलेला छाप. दुसरी प्रत नाही. फाइलमध्ये त्या जागी काही नाही. नियमाप्रमाणे तो मंडळाचा आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. मी तो नियम पुन्हा वाचला आणि मगच हा छाप पाकिटात घातला. बारा वर्षे तुम्ही ही गोष्ट तोंडात धरून ठेवलीत. आता हातात असू द्या. जाळा, ठेवा, काय करायचे ते करा. मला विचारू नका, आणि मीही विचारणार नाही.

पत्र इथेच संपवले होते आणि पाकीट बंद करीत होते. बाबा दारात उभे राहिले. ते आज कामावर गेले नव्हते. बुटांना पांढरी धूळ होती.

“गोटीरामला लिहिते आहेस?”

“हो.”

“पाकीट उघडं आहे अजून?”

मी मान हलवली. वाटले, आता ते कागदाचा तुकडा मागतील. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

“कळंबोलीला जाऊन आलो. सगळा रस्ता पायी फिरलो. त्याला लिही, तिसऱ्या वळणावर आतल्या बाजूला खडी सांडली आहे. ऑपेलची मागची बाजू हलकी असते, घसरेल. म्हणावं, त्या वळणाला बाहेरून घे.”

मी लिहून घेतले. ते म्हणाले, “वाच.” मी वाचून दाखवले.

“‘सांभाळून’ घाल त्यात,” बाबा म्हणाले. “सांभाळून, बाहेरून घे.”

आपली,
जयमाला

(वाशी टपाल कचेरीत, एक्स्प्रेस डिलिव्हरीने, सोमवार दिनांक १० फेब्रुवारी १९८६ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दिले.)